मदत हवी आहे: कॅनव्हासची फ्रेम भिंतीला टेकत नाहीये, एक कोपरा वर राहतोय

रंगपेटी
सुताराकडून फ्रेम करून घेतली, कॅनव्हास ताणून स्टेपल मारले आणि आता भिंतीला लावून बघते तर उजवीकडचा खालचा कोपरा चांगला अर्धा इंच वर. तो दाबला की समोरचा डावीकडचा वरचा उचलतो. आणि त्याच कोपऱ्यात सुरकुत्या पण आल्यात. दोनदा स्टेपल काढून परत मारले, काही फरक नाही. शनिवारी पुण्याला प्रदर्शनासाठी पाठवायचंय, प्लीज लवकर सांगा काय करू.

सुतारपक्षी
अहो साइज काय? लाकूड कुठलं, पट्टी किती जाड, मध्ये आडवी पट्टी आहे का? कॅनव्हास कोरा आहे की चित्र काढून झालंय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

रंगपेटी
चित्र झालंय हो, म्हणून तर घाई आहे. अॅक्रिलिक. रोलमधला प्राइम केलेला (रंगाआधीचं अस्तर दिलेला) कॅनव्हास भिंतीवर लावून रंगवला, मग फ्रेमवर घेतला. ४ बाय ३ फूट. लाकूड साधंच, पांढरट. मध्ये पट्टी नाही.

निवांत_नाशिक
लाकडाच्या भानगडीतच पडू नका. १८ एमएम प्लायच्या पट्ट्या कापून घ्यायच्या, ना वाकत ना पिळत. मी गेली कित्येक वर्षं तेच करतो.

सुतारपक्षी
प्लायच्या कडेत स्टेपल मारला की थर सुटतात आणि पकड जाते, माझं करून झालंय. शिवाय त्यांना नवीन फ्रेम कुठली करायला सांगताय, शनिवार उद्यावर आलाय.
@रंगपेटी, दोन्ही कर्ण मोजा आधी. ४ बाय ३ ला कर्ण बरोब्बर ५ फूट यायला हवा, म्हणजे ६० इंच, दोन्हीकडून.

रंगपेटी
एक सव्वासाठ, एक पावणेसाठ.

निवांत_नाशिक
बघा, गुण्यातच नाहीये फ्रेम, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत! सापडलं.

सुतारपक्षी
नाही सापडलं. कर्ण चुकला तर चौकट तिरकी होते, पण ती सपाटच राहते, भिंतीला टेकते. कोपरा उचलतोय म्हणजे पीळ आहे. तो बघायला मागच्या बाजूने चारही कोपऱ्यांतून दोन दोरे कर्णावर ताणायचे. एकमेकांना जेमतेम टेकले तर सपाट. आधी खालचा दोरा वर आणि वरचा खाली करून पण बघा, मध्ये फट दिसली की पीळ नक्की. पण हे कॅनव्हास काढून करा, कारण कधी कधी लाकूड सरळ असतं आणि एका कर्णावर जास्त ओढल्यामुळे पातळ फ्रेम पिळते.

सागरगोटा
तुम्ही कोकणात आहात का? या दिवसांत वखारीतून आणलेलं लाकूड ओलं असतं, घरात येऊन वाळायला लागलं की मग पीळ घेतं. आमच्याकडे सुतार जून ते सप्टेंबर नवीन लाकडाचं काम टाळायला सांगतो. सुरकुत्यांसाठी मागून पाण्याचा स्प्रे मारा, टाइट होतो.

रंगपेटी
हो रत्नागिरी. लाकूड मागच्याच आठवड्यात आणलं.

राइनकाठची
स्प्रे नको! कोरं सुती कापड पाण्याने आक्रसतं, प्राइम केलेल्यावर फार तर थोडा वेळ ताण येतो आणि वाळलं की परत सैल. वर रत्नागिरीच्या पावसाळ्यात मागून ओला कॅनव्हास म्हणजे बुरशीला आमंत्रण. मी जर्मनीत असते, इथे फ्रेमला कायलरामेन म्हणतात, कायल म्हणजे पाचर. कोपरे चिकटवत नाहीत, खाचेत पाचरी ठोकल्या की कोपरा उघडतो आणि कॅनव्हास ताणला जातो. तुमच्या सुताराला तसे कोपरे करायला सांगा.

चित्रकथी७
पाठवताना गुंडाळणार असाल तर रंगाची बाजू बाहेर ठेवा, आत ठेवली तर रंग चेपतो. आणि नळी जाड घ्या.

रंगपेटी
गुंडाळायचं नाहीये हो, फ्रेमसकट जाणार आहे. @राइनकाठची कोपरे ४५ अंशात कापून खिळे आणि फेविकॉल लावलंय, पाचरी नाहीत. दोऱ्यांमध्ये बोटभर फट आहे, कॅनव्हास काढल्यावर पण.

सुतारपक्षी
मग लाकडातच पीळ. फ्रेम सपाट लादीवर ठेवा, जे दोन कोपरे उचलतात त्यांच्यावर वजन ठेवा, पाट्यासारखं जड काहीतरी. कोपरे दाबलेले असतानाच मध्ये आडवी पट्टी बसवा, फेविकॉल आणि स्क्रू, आणि मागून चारही कोपऱ्यांना त्रिकोणी प्लायचे तुकडे. आडवी पट्टी पुढच्या कडेपासून थोडी मागे राहू दे, नाहीतर तिची रेघ चित्रावर उमटेल. रात्रभर वजन हलवू नका. ४ फुटाला मधली पट्टी आधीच हवी होती.

राइनकाठची
त्रिकोण मारले की कोपरे कायमचे बंद, पुढे कधी सैल झालं तर परत सगळे स्टेपल काढा. मला हे पटत नाही.

सुतारपक्षी
खिळ्यांनी ते आधीच बंद आहेत ताई. पाचरीची फ्रेम चांगली, मान्य, पण ती पुढच्या वेळी.

राइनकाठची
बरं, मग परत ताणताना तरी कोपऱ्यापासून सुरू करू नका. चारही बाजूंच्या मधोमध एकेक स्टेपल, मग समोरासमोर दोन्हीकडे सरकत कोपऱ्याकडे, कोपरे शेवटी. सुरकुत्या त्यानेच जातील. कापड कडेला किती शिल्लक आहे?

रंगपेटी
अडीच इंच. मी एका बाजूने पूर्ण मारत गेले होते.

निवांत_नाशिक
तरी मी म्हणतो प्लाय.

रंगपेटी
अपडेट. पट्टी आणि त्रिकोण लावून रात्रभर वरवंटा आणि दोन पाण्याचे कॅन ठेवले. आता कोपरा एक सूतभर उचलतोय, टांगल्यावर कळत नाही. मधून सुरू करून ताणलं, सुरकुत्या गेल्या, फक्त घडीपाशी एक बारीकशी आहे. @सुतारपक्षी तो कर्णांमधला अर्ध्या इंचाचा फरक तसाच राहिलाय, बाहेरून बॉर्डरची फ्रेम लावली तर फट दिसेल का?