रात्री पाय वळवळतात, घरगुती उपाय सांगा (अर्जंट)

रातकिडा: आडवं झालं की दहा मिनिटांत पाय सुरू. उठून चालले की थांबतं, परत पडले की परत तेच. काल पावणेतीनला हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत. घरगुती काहीतरी सांगा, डॉक्टरकडे जा हे प्लीज नको, आणि लवकर सांगा, उद्या ऑफिस आहे.

पायपीट: पाय सुरू म्हणजे नक्की काय? दुखतात, गोळे येतात की मुंग्या?

घरचा_वैद्य: गोळेच असणार. मॅग्नेशियम घ्या, मला आठ दिवसांत फरक पडला. पाणीही कमी पीत असाल.

रातकिडा: गोळे नाहीत हो!! दुखतही नाही. आत किडे चालल्यासारखं होतं, हलवल्याशिवाय राहवतच नाही. लिहिलंय ना वर.

तिरकस: नाही लिहिलेलं.

जुनी_खोड: याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, मला बारा वर्षं आहे. गोळा आला की पोटरी दगडासारखी होते, यात तसं काही नाही, नुसती हलवायची ओढ, तीही बसल्यावर-पडल्यावर आणि रात्रीच जास्त. नवऱ्याला सांगा, थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने १६७२ मध्येच हे लिहून ठेवलंय आणि १९४५ मध्ये एकबॉमने नाव दिलं, तेव्हा मनाचे खेळ वगैरे काही नाही. मी काय करते तर दुपारनंतर कॉफी बंद, झोपायच्या आधी पोटऱ्या ताणायच्या, गरम पाण्यात पाय, मग खसाखसा चोळायचे (काहींना गारच बरं वाटतं, करून बघा). रोज चालते, पण रात्री उशिरा दणकून व्यायाम केला की हमखास वाढतं. आणि पडल्या पडल्या डोक्याला काम द्या, मी शब्दकोडं घेते, हसू नका, उपयोग होतो. फेरिटिन बघितलंय का? हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी लोहाचा साठा कमी असू शकतो. या त्रासात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर बहुतेक लोह देतात.

घरचा_वैद्य: सगळं ठीक, पण मॅग्नेशियम.

जुनी_खोड: त्याचा पुरावा कच्चा आहे हो, आणि किडनीचा त्रास असणाऱ्याने तर मनाने घेऊच नये.

घरचा_वैद्य: पुराव्याचं मला सांगू नका, माझे पाय आहेत. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

दोन_पिल्लांची_आई: मला दोन्ही वेळेस शेवटच्या तीन महिन्यांत होतं, बाळंतपणानंतर आपोआप गेलं. दिवस गेलेत का?

रातकिडा: नाही!

उशीतज्ज्ञ: चादरीखाली साबणाची वडी ठेवा. गादी किती जुनी आहे?

तिरकस: साबण अंगाचा की कपड्यांचा?

पायपीट: दुसरी काही औषधं चालू आहेत का?

रातकिडा: काही नाही. गेल्या वर्षी हिमोग्लोबिन १२.४ होतं, ते फेरिटिन केलेलं नाही. लोहाची गोळी आणू का सरळ?

जुनी_खोड: न तपासता नको, काहींच्या अंगात लोह जास्तच साठतं. डॉक्टरांनी दिलीच तर चहा-कॉफीबरोबर घेऊ नका, आणि थायरॉईडची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवा.

रातकिडा: थायरॉईड नाही. सर्दीची गोळी तेवढी घेते झोपताना, तिने झोप छान लागायची म्हणून चालू ठेवली. झाले तीनेक आठवडे. पायांचंही साधारण तेव्हापासूनच.

पायपीट: अहो, काही नाही म्हणालात ना!!

रातकिडा: सर्दीची गोळी म्हणजे काय औषध का?

जुनी_खोड: घ्या. झोप आणणाऱ्या ज्या जुन्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या असतात ना, डायफेनहायड्रामाइन वगैरे, त्यांनी बऱ्याच जणांचे पाय बिघडतात. उलटीच्या मेटोक्लोप्रमाइडने आणि काही डिप्रेशनच्या गोळ्यांनीही. तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय ते केमिस्टला दाखवा. (वाचणाऱ्यांपैकी कुणाची डिप्रेशनची चालू असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.)

रातकिडा: पाच दिवसांनी लिहितेय. केमिस्टला दाखवली, त्यातलीच निघाली, बंद केली. पहिल्या रात्री झोप नाही आणि नाकही चोंदलं. कालपरवा मात्र एकदाच उठावं लागलं. फेरिटिनचं रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय. साबण अजून चादरीखालीच आहे, काढायचा राहिला.

उशीतज्ज्ञ: बघा, आला ना गुण! गादीचं सांगितलं नाहीत अजून.