गुडघ्यात वाढलेले हाड काढून टाकावे का?

पंचवटीकर: माझी आई ६४ वर्षांची असून दोन वर्षांपासून तिचा उजवा गुडघा दुखतो. रोज काळारामाच्या दर्शनाला चालत जाणाऱ्या आईला आता जिना उतरतानाही कठडा धरावा लागतो. एक्स-रेमध्ये हाड वाढल्याचे, म्हणजे ऑस्टिओफाइट असल्याचे दिसले. एका परिचितांनी हाड विरघळवणारे औषध सुचवले, तर दुसऱ्यांनी दुर्बिणीतून ते तासून घ्यायला सांगितले, त्यामुळे मी फार गोंधळले आहे.

फिजिओथेरपिस्ट, गंगापूर रोड: ताई, वाढलेले हाड हे बहुधा दुखण्याचे मूळ नसते. सांध्यातील कूर्चा झिजली की भाराची वाटणी बिघडते आणि सांध्याच्या कडेला नवे हाड धरू लागते. एक्स-रेत अशी टोके असूनही गुडघा मुळीच दुखत नाही, असेही पुष्कळ लोक असतात. ते विरघळवणारे औषध उपलब्ध नाही, तेव्हा त्यावर कृपया पैसे घालवू नका. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी सांगायचे तर, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत काही रुग्णांना केवळ वरवरचे छेद दिले होते आणि सांधा आतून साफ केलेल्या रुग्णांना त्यांच्यापेक्षा अधिक आराम पडला नाही. मात्र गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर आत सुटा तुकडा असू शकतो आणि तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला लगेच घ्यावा.

खरा उपाय मांडीच्या स्नायूंत आहे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद दाबून धरावी आणि सोडावी. असे १० वेळा, दिवसातून दोनदा. वजन जास्त असल्यास ते १ किलो उतरले तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. काठी घ्यायची असेल तर ती डाव्या हातात हवी, कारण दुखरा पाय उजवा आहे.

सातपूरचा वाचक: मला याच व्यायामाने तीन महिन्यांत फरक जाणवला. आईंना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका. मला डॉक्टरांनी आधी लावायचे जेलच दिले होते. सप्तशृंगी गडावर जाणार असाल तर पायऱ्यांऐवजी ट्रॉलीने जा.

पंचवटीकर: मनापासून आभार. आईचा गुडघा अडकत नाही, केवळ सकाळी थोडा वेळ आखडतो. काठी मात्र ती आजवर उजव्या हातातच धरत होती.