एफडी मोडून गृहकर्जात भरावी का? घरात दोन पक्ष पडलेत

गोदाकाठ:

नमस्कार. महिनाभर आमच्याकडे जेवताना हा एकच विषय चाललाय आणि भाजी गार होतेय, म्हणून शेवटी इथे लिहिते.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमचा टू बीएचके. जुलै २०२१ मध्ये ३० लाखांचं कर्ज काढलं, २० वर्षांसाठी. दर तेव्हा ६.८०, हप्ता २२,९००. दर रेपोला जोडलेला आहे असं बँकेतल्या मुलाने सांगितलं होतं. त्याचा अर्थ आम्ही विचारला नाही. वास्तुशांतीला गुरुजी मिळत नव्हते, त्या गडबडीत होतो.

मग मे २०२२ पासून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, चढत गेला, ४ वरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५०. आमचा दर झाला ९.३०. जून २०२३ चं स्टेटमेंट मी जपून ठेवलंय. २२,९०० च्या हप्त्यातले मुद्दलात गेले ३८० रुपये. तीनशे ऐंशी! त्या महिन्यात दुधाचं बिल त्याच्या पाचपट होतं. जुलैपासून हप्ता २५,००० झाला आणि मुदत गेली २०४८ वर. नवरा तेव्हा ६३ वर्षांचा असेल.

आता दर ८.०५ वर आलाय आणि मुदत २०४३ वर. फेब्रुवारीपर्यंत एकूण १३ लाख २६ हजार भरून झालेत. शिल्लक २७ लाख ९३ हजार.

दोघांचे मिळून हातात ७१,००० येतात. नवऱ्याचे अंबडच्या कंपनीतून ५२, माझे १९. मी पिठाच्या डब्यामागे एक वही ठेवते. जानेवारीचं पान असं: किराणा ८,६४०, दूध २,२८०, भाजी-फळं ३,१००, मुलीची व्हॅन १,५००, दोन गाड्यांचं पेट्रोल ४,२००, सोसायटी १,८००, लाइट-गॅस-मोबाइल-वायफाय ३,९००, गावी सासू-सासऱ्यांना ६,०००, माझी भिशी ५,०००. हप्ता धरून ६१,४२०. राहिले ९,५८०, आणि त्यातले किती "किरकोळ" मध्ये गेले ते नवऱ्यासमोर वाचून दाखवत नाही.

भांडण एफडीवरून आहे. ३ लाख १० हजारांची आहे, दोन भिश्या आणि माझ्या पगारातून साठलेली. नवरा म्हणतो, "बँक आपल्याला साडेसहा देते आणि आपल्याकडून आठ घेते. मोड आणि भरून टाक." शिवाय दर महिन्याला ५,००० जास्तीचे भरायचे म्हणतो. हिशेब त्याचा बरोबर आहे, हे मलाही कळतं. पण २०२० मध्ये त्याला तीन महिने अर्धा पगार होता. तेव्हा आम्ही भाड्याने राहत होतो आणि माझ्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. सोडवायला चौदा महिने लागले. परत मिळाल्या तेव्हा कापडी पुडीला दोऱ्याने नंबराचा बिल्ला बांधलेला होता. तो बिल्ला अजून कपाटात आहे. घर रिकामं करून कर्ज फेडायला माझा हात धजत नाही.

कोण बरोबर?

जुना कॅशियर:

ताई, ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ कर्ज विभागात. आधी हिशेब बघा, मग भांडा.

तुमच्या एफडीतले ३ लाख आज भरले आणि हप्ता २५,००० च ठेवला, तर राहिलेले साधारण २०७ हप्ते १६५ वर येतात. ४२ हप्ते वाचले, म्हणजे साडेदहा लाख. यजमानांचा मुद्दा किती जड आहे ते यातून कळेल. पण फक्त १ लाख भरला तरी १५ हप्ते कमी होतात. निम्म्याहून जास्त एफडी तुमच्या कपाटाच्या बाजूने राहते.

आता वही. शाळेची फी, विम्याचा हप्ता, गाड्यांचा इन्शुरन्स, दिवाळी यातलं काहीच जानेवारीच्या पानावर दिसत नाही. वर्षाचं किती होतं? नव्वद हजार धरले तरी महिन्याला साडेसात हजार झाले. तुमचे ९,५८० खरे २,००० आहेत. त्यातून ५,००० कुठून काढणार? माझ्या काउंटरला असे पुष्कळ जण यायचे, जानेवारीत जोरात जादा भरायचे आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की क्रेडिट कार्डवर.

पैसे आहेत ते भिशीत. भिशी बिनव्याजी असते आणि तुमचं कर्ज ८.०५ ने चाललंय. ही फेरी अर्धवट सोडू नका, माणसं दुखावतात. फेरी संपली की तेच ५,००० कर्जात वळवा. हप्ता ३०,००० धरला तर २०७ चे १४७ होतात.

आणि एक गोष्ट आजच करा. २०२१ मध्ये रेपो ४ होता आणि तुमचा दर ६.८०, म्हणजे बँकेचा स्प्रेड, रेपोवर ती स्वतःसाठी लावते तो वाढावा, २.८०. रेपो सव्वापाच झाला तरी स्प्रेड तोच चालू आहे. नव्या ग्राहकाला याहून कमी स्प्रेड मिळतो. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, थोडं शुल्क घेऊन कमी करतात. नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेचं मंजुरीपत्र दाखवा. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

भरताना स्लिपवर लिहा: "मुद्दलात जमा करावे, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." नाहीतर पैसे आगाऊ हप्ते म्हणून पडून राहतात आणि व्याज चालूच. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आमच्याच काउंटरवर.

एसआयपीवाला:

आठ टक्क्यांचं कर्ज म्हणजे स्वस्तातलं स्वस्त कर्ज. एवढी घाई कशाला? ३ लाख शेअर बाजारातल्या इंडेक्स फंडात टाका, १७ वर्षांत कर्ज फिटून वर उरेल. शिवाय व्याजावर २ लाखांची वजावट मिळते, ती का सोडायची?

जुना कॅशियर:

वजावट जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर ती नाही, आणि ५२,००० हातात येणाऱ्या पगारावर नव्या प्रणालीत करच लागत नाही. जे भरायचंच नाही त्यात सूट कसली मिळवायची? फंडाबद्दल बोलत नाही. तो ज्याच्या त्याच्या झोपेचा प्रश्न.

मीठभाकर:

गोदाकाठ, मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूची होते. सांगलीला आमचं घर, कर्ज ११ लाख राहिलं होतं. २०२२ मध्ये मिस्टरांचा पीएफ काढला, माझी एफडी मोडली, सगळं भरून टाकलं. त्या दिवशी पेढे वाटले. वर्षाच्या आत सासऱ्यांना बायपास सांगितली. विमा होता, पण सगळ्याला पुरला नाही. मग पर्सनल लोन काढलं, १४ टक्क्यांनी. ८ चं फेडून १४ चं घेतलं, आणि ते अजून चालू आहे. घराची कागदपत्रं कपाटात आणि हप्ता खिशातून, अशी आमची गंमत.

कर्ज फेडू नका असं मी म्हणत नाही. तीन महिन्यांच्या खर्चाला हात लावू नका, एवढंच. तुमच्या हिशेबाने ते १ लाख ८५ हजार होतात.

आणि कॅशियरकाका, एक विचारायचं राहिलं. आमचे मूळ कागद द्यायला बँकेने चार महिने लावले होते. आताही असंच चालतं का?

जुना कॅशियर:

१ डिसेंबर २०२३ पासून नियम आहे. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे, उशीर झाला आणि दोष बँकेचा असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तुमचं त्याआधीचं दिसतंय.

गोदाकाठ:

एप्रिल उजाडला, म्हणून कळवते.

शाखेत तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला "तसं काही नसतं मॅडम" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या खेपेला मी अर्ज छापून नेला आणि पोचीचा शिक्का मागितला, तेव्हा "स्प्रेड" हा शब्द त्यांनाही आठवला. तिसऱ्या खेपेला ५,९०० रुपये भरले आणि २.८० चा २.३० झाला. दर आता ७.५५.

एफडी एक लाखापुरती मोडली. नवऱ्याने आधी दीड म्हटलं, मी पाऊण म्हटलं, सासऱ्यांनी फोनवरून एक म्हटलं. स्लिपवर काकांनी सांगितलेलं वाक्य लिहिलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" बाकीच्या २ लाख १० हजारांची नवी एफडी केली, दोघांच्या नावावर. एकट्याच्या सहीने मोडायची नाही असं ठरलंय.

नवं पत्रक आलं त्यात १८० हप्ते आहेत, शेवटचा मार्च २०४१. घर घेतलं तेव्हा जे साल सांगितलं होतं, पावणेपाच वर्षं भरून पुन्हा तिथेच आलो. नवरा हसला. मला नीट हसता आलं नाही.

वहीत आता शेवटचं एक पान वर्षाच्या खर्चाचं आहे. एकूण ९४,००० निघाले, काकांनी चार हजारच कमी धरले होते. भिशीची फेरी ऑक्टोबरला संपते. माझ्या जागी येतेस का म्हणून आमच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारून ठेवलंय.