मैदानाचा प्रस्ताव स्थायी समितीत चाललाय म्हणे, मंजूर झाला की काम पक्कं का?

विक्रोळीकर:
मंडळी, आमच्या वसाहतीच्या मागे डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, खेळाच्या मैदानासाठी राखीव प्लॉट आहे, सध्या तिथे टेम्पो उभे असतात आणि रात्री कोणीतरी डेब्रिज टाकून जातं. आता नगरसेवक म्हणतायत की मैदानाचा प्रस्ताव पालिकेच्या स्थायी समितीत, म्हणजे खर्चाला मंजुरी देणाऱ्या समितीत, मंजुरीला चाललाय, पैसे मिळाले की लगेच काम. बॅनरपण लागला, आभाराचा! समितीने हो म्हटलं की झालं का खरंच?

दादरचा बाबू:
आभाराचा बॅनर आधी आणि काम नंतर, चालायचंच. टेंडर निघालंय का ते बघा पहिलं. मोठ्या कामाचं आधी टेंडर निघतं, ठेकेदार ठरतो आणि मग त्याला काम द्यायला मंजुरी हवी म्हणून ते समितीत जातं, टेंडरच नसेल तर मंजुरी कसली घेतायत? आणि यंदाच्या बजेटात तरतूद आहे का तेपण विचारा, छोटं काम तर वॉर्ड लेव्हललाच उरकतं.

मुलुंडची ताई:
पैशाआधी जमीन कोणाची ते बघा हो. राखीव आहे म्हणजे पालिकेच्या ताब्यात आहे असं नाही. खासगी मालक असेल आणि 10 वर्षांत पालिकेने घेतली नाही तर तो एमआरटीपीच्या, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या, कलम 127 खाली नोटीस देतो, मग 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षणच जातं. प्रॉपर्टी कार्ड काढा, त्यावर मालकाचं नाव असतं.

गल्ली क्रिकेट:
झालंच मैदान तर माती ठेवा म्हणावं! नाहीतर मधे लॉन, कडेने जॉगिंग ट्रॅक, कोपऱ्यात ओपन जिम आणि गेटवर पाटी, बॉल खेळण्यास मनाई. आणि सांभाळणार कोण तेपण आत्ताच लिहून घ्या, 2023 ला पालिकेने मैदानं दत्तक द्यायची पॉलिसी आणली तेव्हा लोकांनी केवढी बोंबाबोंब केली होती, उगाच नाही, एकदा संस्थेच्या हातात गेलं की आपण गेटबाहेर.

विक्रोळीकर:
माती तर हवीच. पण जमिनीचं म्हणाल तर इथे निम्मे म्हणतात पालिकेची, निम्मे म्हणतात म्हाडाची. म्हाडाची निघाली तर?

मुलुंडची ताई:
तर आधी म्हाडाची एनओसी नाहीतर जमीन पालिकेच्या नावावर, त्याशिवाय पालिका खर्च कशी करणार. नगरसेवकांना तेवढंच विचारा, पत्र गेलंय का म्हाडाला, आणि गेलं असेल तर जावक नंबर द्या म्हणावं.