घड्याळ 'पुढे आहे' की 'पुढे जातं'? : एनटीपीचे शब्द

प्रश्न : नेटवर्कवरच्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्क टाइम प्रोटोकॉलने) जुळवण्याबद्दल मराठीत टिपण लिहिते आहे. 'ऑफसेट' आणि 'ड्रिफ्ट' या दोन्हींना 'तफावत' चालेल का?

उत्तर : नको, घोटाळा होईल. 'घड्याळ दोन सेकंद पुढे आहे' हा ऑफसेट; 'घड्याळ रोज दोन सेकंद पुढे जातं' हा ड्रिफ्ट. हा भेद आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहे. पहिल्याला 'फरक' म्हणा, दुसऱ्याला 'चालीतली चूक'. ही चूक पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग अशी, मोजतात. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, त्यामुळे २० पीपीएम चुकणारं क्वार्ट्झ घड्याळ दिवसात पावणेदोन सेकंद चुकतं. शिवाय तापमान बदललं की चालही बदलते.

दुसरं उत्तर : 'जुळवणे' हा शब्दही फोडून लिहा. 'स्टेप' म्हणजे वेळ एकदम बदलणं, आपलं 'घड्याळ लावणं'. 'स्लू' म्हणजे चाल किंचित कमी-जास्त करून फरक जिरवणं. एनटीपीडी (एनटीपीने घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) १२८ मिलिसेकंदांपर्यंतचा फरक जिरवतो, त्याहून मोठा फरक टिकून राहिला तर वेळ लावतो आणि १००० सेकंदांपलीकडे गेला तर, '-जी' पर्याय दिला नसल्यास, थेट बंद पडतो. जिरवण्याचा वेग ५०० पीपीएम, म्हणजे एका सेकंदाचा फरक जिरवायला २००० सेकंद, सुमारे तेहतीस मिनिटं. इतका धीर धरायचा, कारण चालू डेटाबेसखाली घड्याळ मागे लावलं की नंतरची नोंद आधीची दिसू लागते. क्रॉनी या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये म्हणूनच 'मेकस्टेप १.० ३' लिहितात : फरक सेकंदाहून मोठा असेल तर वेळ लाव, पण फक्त पहिल्या तीन दुरुस्त्यांत.

प्रश्न : मग 'स्ट्रॅटम' म्हणजे अचूकतेची पातळी?

उत्तर : नाही, ती मूळ घड्याळापासूनची पायरी. जीपीएस किंवा आण्विक घड्याळ ०, त्याला जोडलेला सर्व्हर १, त्याच्याकडून वेळ घेणारा २. १६ म्हणजे घड्याळ जुळलेलंच नाही. सर्व्हरकडे निरोप जायला आणि उत्तर यायला सारखाच वेळ लागतो असं एनटीपी धरून चालतं. जाताना १० आणि येताना ५० मिलिसेकंद लागले, तर २० मिलिसेकंदांची चूक होते आणि ती ऑफसेटच्या आकड्यात दिसत नाही. त्यामुळे लांबच्या पहिल्या पायरीपेक्षा इमारतीतली दुसरी पायरी अनेकदा बरी. सर्व्हर मात्र चार ठेवा; दोनच असले तर खोटं कोण बोलतंय ते ठरवता येत नाही.

आणखी एक : टिपण भारतातल्या यंत्रणेसाठी असेल तर सर्ट-इनचा (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा) एप्रिल २०२२चा निर्देश नोंदवा : वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) एनटीपी सर्व्हरकडून, नाहीतर त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरकडून घ्यायची. फायरवॉलमध्ये एनटीपीचा पोर्ट, यूडीपी १२३, उघडा आहे ना, तेही पाहा.