मदत हवी आहे: बोरन्हाणात लहानग्यांसाठी काय ठेवू?

लेक सव्वा वर्षाची आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी तिचं बोरन्हाण करतोय, रथसप्तमीपर्यंत चालतं म्हणून सुट्टीचा दिवस धरला. येणारी मुलं १०-१२, सगळी १ ते ६ वर्षांची, आणि आमचा हॉल इवलासा.

खरी धास्ती लुटायच्या खाऊची आहे. बोरं, ओले हरभरे, उसाचे करवे, गोळ्या हे सगळं रांगत्या बाळांच्या हाती लागलं की थेट तोंडात, आणि घशात अडकायला एक शेंगदाणाही पुरतो. सासूबाईंचं म्हणणं, "बोरांशिवाय कसलं बोरन्हाण?" तेही खरंच. म्हणून डोक्यावरून नुसते चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओतायच्या, पाच बोरं ओवाळणीच्या तबकात ठेवायची, असं मनात आहे. मोठ्या मुलांना खाऊ पुड्यांत बांधून देईन. चुरमुऱ्यांत आणखी काय मिसळता येईल?

हलव्याचे दागिने टोचतात का हो? आमची बया ते चाटणार हे नक्की. कापडावर शिवून घेतले तर चालतील?

शिवाय लुटालूट पाच मिनिटांत संपते. पुढचा तासभर ४-६ वर्षांच्यांना कशात गुंतवू? कागदी पतंग रंगवणं सुचलंय, पण नवीन सोफा डोळ्यांसमोर येतो.