मदत हवी आहे: गोठ्यावर येणारं जनावर रात्री मारलं तर केस होते का?

वावरातला_गडी: लवकर सांगा, आज रात्रीच ठरवायचं आहे. तिसऱ्यांदा आलं. या खेपेला गोऱ्हा नेला. तुटलेलं दावं खुंट्याला तसंच, अन् तुरीतून नाल्यापर्यंत फरफटल्याची ओळ. काकांची परवान्याची बंदूक आहे. मचाण बांधून बसलं तर चालते का? ज्ञान नको.

नदीकाठ: वाघ की बिबट? तालुका कोणता? परवाना कशासाठीचा आहे?

वावरातला_गडी: अंधारात पट्टे मोजत बसू का? राळेगाव. परवाना पीकसंरक्षणाचा. 2018 मध्ये इकडच वाघीण मारली ना, तेही रात्री? तेव्हा चाललं मग आता काहून नाही?

कोर्टाची_पायरी: ती वाघीण अवनी. तिच्यावर 13 माणसं मारल्याचा ठपका होता अन् मुख्य वन्यजीव रक्षकाचा आदेश होता. तरी रात्री गोळी का घातली, यावरून मोठा वाद झाला. तुमच्याकडं आदेश आहे का? वाघ काय, बिबट काय, दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षण. आमिष बांधणं हीसुद्धा शिकारच. 3 ते 7 वर्षं.

झटकावाला: भाऊ, कुंपणाच्या तारेला सोलरची झटका मशीन लाव, हलका झटका देते. माझ्याकडं दोन वर्षांपासून डुक्कर फिरकलं नाही.

नदीकाठ: इथं डुकराचं कोणी विचारलं?

उन्हाळी_भुईमूग: तारेत सरळ लाईन सोड. विचारलं तर सांग डुकरासाठी.

कोर्टाची_पायरी: असं लिहू नका हो. त्या तारेवर ओलिताला गेलेली माणसं मेली आहेत.

उन्हाळी_भुईमूग: मग लाईन दिवसा द्या ना! रात्री 12 ला पंप सुरू करायला कोण जाते?

वावरातला_गडी: माझा प्रश्न राहिलाच. अंगावर आलं तर?

कोर्टाची_पायरी: कलम 11(2). माणसाचा जीव वाचवताना मारलं तर गुन्हा नाही. पण मचाणावर टपून बसलेल्यानं ते सांगायचं नाही.

माहेर_मारेगाव: कायदा राहू द्या. बॅटरीच्या उजेडात गोळी मांडीला लागली अन् ते निसटलं तर? सकाळी त्याच नाल्यातून आम्ही बाया कापूस वेचायला जातो. वनखात्याला 1926 वर फोन करा, पिंजरा मागा. गोऱ्ह्याचा पंचनामा केला का? भरपाईसाठी 48 तासांत कळवावं लागते, कलेवर हलवायचं नसते.

वावरातला_गडी: कालच पुरला. उकरू का?